अल्बम आपला, गाणं कुणाचं?

आजकाल प्रत्येक आयटी कंपनीच्या प्रत्येक मजल्यावर किमान एक तरी बँड असतो. सोमवार ते शुक्रवार कोडिंग, टेस्टिंग, क्लायंटचे कॉल आणि शनिवारी दुपारी कुणाच्या तरी बेडरूममध्ये भिंतीला गाद्या टेकवून रेकॉर्डिंग. कुकरची शिट्टी झाली की रिटेक. शेजारच्या काकूंनी बेल वाजवली की चहाचा ब्रेक. मला हा सगळा प्रकार मनापासून आवडतो. पूर्वी अल्बम काढायचा म्हणजे कॅसेट कंपनीच्या पायऱ्या झिजवाव्या लागायच्या. आता एक लॅपटॉप, एक बरा माइक आणि थोडी चिकाटी असली की तुमची सात गाणी जगभर ऐकायला मिळतात. सॉलिड गोष्ट आहे ही!

फक्त एक काम कुणी करत नाही. कागदाचं.

मी वकील आहे. कॉन्ट्रॅक्ट वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे अल्बम काढणारे मित्र मला हमखास दोनदा फोन करतात. एकदा रिलीज पार्टीचं आमंत्रण द्यायला आणि दुसऱ्यांदा भांडण झाल्यावर. या दोन्हींच्या आधी एक फोन केला तर माझी फी एका मिसळीत भागते, पण हे कुणाला पटेल तर शपथ! म्हणून यावेळचा कॉलम त्या तिसऱ्या फोनसाठी.

एका गाण्यात तीन गाणी

सगळ्यात आधी बेसिक फंडा क्लिअर करू. आपण ज्याला 'गाणं' म्हणतो, ती कायद्याच्या नजरेत एक वस्तू नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात वेळोवेळी बदल झाले, सगळ्यात मोठा २०१२ मध्ये. या कायद्यानुसार गाण्याचे शब्द म्हणजे साहित्यकृती, चाल म्हणजे संगीतकृती आणि रेकॉर्डिंग म्हणजे ध्वनिमुद्रण. तीन वेगळ्या वस्तू, तीन वेगळे हक्क, तीन वेगळे मालक असू शकतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि रेकॉर्डिंग निर्मात्याचं.

आता गंमत बघा. कायद्यातला 'प्रोड्युसर' म्हणजे स्टुडिओत हेडफोन लावून बीट बसवणारा तुमचा मित्र नव्हे. ध्वनिमुद्रण करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्यानं घेतली, तो कायद्याचा निर्माता. तुम्ही पाच जणांनी वर्गणी काढून स्टुडिओचं बिल भरलं असेल, तर निर्माता कोण? पाचही जण? की ज्याच्या कार्डवर पेमेंट झालं तो एकटा? हा प्रश्न रेकॉर्डिंगच्या आधी विचारला तर दहा मिनिटांत सुटतो. गाणं हिट झाल्यावर विचारला तर दहा वर्षं लागू शकतात.

आणि सिंगर? गाणाऱ्याला शब्दांवर किंवा चालीवर हक्क मिळत नाही, पण तिच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो. त्याला परफॉर्मर्स राइट म्हणतात आणि तो ५० वर्षं टिकतो. तबला, गिटार, बासरी वाजवणाऱ्यांनाही तो आहे. म्हणजे दोन तासांसाठी बोलावलेल्या बासरीवाल्याचीही लेखी संमती हवी. 'अरे, तो आपलाच माणूस आहे' हे वाक्य कोर्टात चालत नाही.

तुकोबा फ्री, चाल नाही

मराठी बँडचा आवडता प्रकार म्हणजे अभंगाला डिस्टॉर्शनची फोडणी. ऐकायला भारी वाटतं आणि तुकोबांच्या शब्दांवर आज कुणाचाही कॉपीराइट नाही. पण तुम्ही चाल कुठून उचलली? 'अभंग तुकयाचे' या लताबाईंच्या अल्बमला श्रीनिवास खळ्यांचं संगीत आहे. खळेकाका गेले २०११ मध्ये. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०७१ संपेपर्यंत त्या चाली संरक्षित आहेत. शब्द सतराव्या शतकातले आणि चाल आपल्या काळातली, हे विसरून भले भले फसतात. 'पारंपरिक' असं लिहून मोकळं होण्याआधी ती चाल खरंच परंपरेतून आली आहे की एखाद्या संगीतकाराच्या पेटीतून, हे शोधा.

कवितांचंही तेच. कवीच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांची निसर्गकविता खुशाल घ्या. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी हवी. बहिणाबाईंची केस तर अजून इंटरेस्टिंग. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ मध्ये. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या साहित्याची मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात. म्हणून ती २०११ ऐवजी २०१२ च्या अखेरीस संपली. एका वर्षाचा फरक, पण वकिलाला तेवढा पुरतो!

आणि भा. रा. तांबे? त्यांचं आणि रवींद्रनाथ टागोरांचं निधन एकाच वर्षी, १९४१ मध्ये. तेव्हा मुदत ५० वर्षांची होती. म्हणजे १९९१ संपताना दोघंही 'मोकळे' होणार होते. टागोरांचं साहित्य असं खुलं होऊ नये म्हणून सरकारनं डिसेंबर १९९१ अखेर वटहुकूम काढला आणि पुढे १९९२ च्या दुरुस्तीनं ती ६० वर्षांची झाली. कायदा सगळ्यांना सारखा, त्यामुळे ग्वाल्हेरच्या आपल्या राजकवींनाही आपोआप दहा वर्षं वाढवून मिळाली. २००२ उजाडल्यावर दोघंही मोकळे झाले. तांब्यांच्या कवितेला नवी चाल लावायची असेल तर बिनधास्त लावा. रेडिओवर ऐकलेली चाल घ्यायची असेल, तर पुन्हा तोच प्रश्न: ती कुणाची?

रागावर कुणाचीच मालकी नसते. यमन सगळ्यांचा. पण एखाद्या उस्तादांनी रागात बांधलेली विशिष्ट रचना ही वेगळी गोष्ट. ही रेघ कुठे ओढायची यावर कोर्टातही एकमत होत नाही. 'पोन्नियिन सेल्वन २' मधल्या ए. आर. रहमान यांच्या एका गाण्यावर उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर यांनी दावा केला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी डागर घराण्याला श्रेय द्यायचा आणि २ कोटी रुपये कोर्टात भरायचा अंतरिम आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच कोर्टाच्या खंडपीठानं तो आदेश रद्द केला. रहमानसारख्यांच्या बाबतीत हे होतं, तर आपण कोण?

कव्हर करताय? हिशेब करा

'अरे, पण कव्हर व्हर्जनला परवानगी लागत नाही ना?' हा प्रश्न मला वर्षातून किमान दहा वेळा येतो. उत्तर: लागते, किंवा लागते त्याहून कठीण काहीतरी लागतं.

कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यांच्या 'व्हर्जन' कॅसेट धो धो विकल्या जायच्या, त्या कायद्यातल्या एका सवलतीच्या जोरावर. तेव्हा मूळ रेकॉर्डिंगनंतर दोन वर्षं थांबावं लागायचं. २०१२ च्या दुरुस्तीनं ती पाच वर्षं केली. शिवाय हक्कदाराला आगाऊ नोटीस, आगाऊ रॉयल्टी, आणि रॉयल्टी दरवर्षी कमीत कमी ५०,००० प्रतींची. शब्दांत आणि चालीत मनासारखे बदल करायचे नाहीत. कव्हरवर 'ही कव्हर व्हर्जन आहे' असं स्पष्ट लिहायचं आणि मूळ कलाकाराचा फोटो छापून लोकांना फसवायचं नाही. आता सांगा, बेडरूममधल्या बँडला ५०,००० प्रतींचा हिशेब झेपणार आहे? त्यापेक्षा सरळ हक्कदाराला मेल करा आणि लायसन्स मागा. नाही म्हणाले तर स्वतःचं गाणं लिहा. माझ्या मते हा दुसरा पर्याय कधीही जास्त कूल.

अजून एक. दुसऱ्याच्या चालीची नवी अरेंजमेंट करणं हेसुद्धा कायद्यात 'रूपांतर' धरलं जातं. त्यामुळे 'आम्ही तर पूर्ण वेगळं वाजवलंय' हा बचाव नाही. उलट तो कबुलीजबाब होऊ शकतो.

सात सेकंदांची अफवा

दोस्तांनो, एकदाचं लिहून ठेवा: 'सात सेकंदांपर्यंत चालतं' असा कोणताही नियम आपल्या कायद्यात नाही. तीस सेकंदांचाही नाही. जुन्या गाण्याचा तुकडा कापून आपल्या बीटमध्ये टाकायचा असेल, तर दोन परवानग्या लागतात. एक रेकॉर्डिंगच्या मालकाची, दुसरी शब्द आणि चालीच्या मालकाची.

अमेरिकेतल्या मोठमोठ्या लोकांनाही हे महागात पडलंय. 'ज्योती' या १९८१ च्या सिनेमातलं लताबाईंचं एक गाणं, संगीत बप्पी लाहिरी. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या 'अॅडिक्टिव्ह' या हिट गाण्यात त्याचा लांबलचक तुकडा वाजला. श्रेय कुठेच नाही. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं आणि २००३ मध्ये कोर्टानं सांगितलं, बप्पीदांचं नाव द्या, नाहीतर विक्री थांबवा.

पण माझी आवडती केस दुसरी. 'आराधना' मधल्या एका गाण्याचा तुकडा २००५ मध्ये द गेम या रॅपरच्या अल्बममध्ये आला. बीट टिंबलँडचं. सारेगामानं केस केली. आता सारेगामा म्हणजे जुनी ग्रामोफोन कंपनी, तिच्याकडे १९६७ चा करार होता. अमेरिकेच्या अपील कोर्टानं २०११ मध्ये तो जुना कागद ओळ न् ओळ वाचला आणि म्हटलं, या कराराप्रमाणे तुमचा एकमेव हक्क दोन वर्षांपुरताच होता. केस खल्लास. तुकडा कुणी उचलला हा प्रश्नच उरला नाही. चाळीस वर्षांपूर्वी टाइप केलेल्या दोन-चार ओळींनी निकाल लागला.

म्हणून सांगते, कागद वाचा. नेटवरून घेतलेल्या लूप आणि बीटचंसुद्धा. 'रॉयल्टी फ्री' म्हणजे फुकट नव्हे, आणि 'लीज'वर घेतलेलं बीट तुमच्यासारख्या अजून पन्नास जणांना दिलेलं असू शकतं. एक्सक्लुसिव्ह हवं असेल तर तसं लिहून घ्या.

मैत्रीत कागद कशाला?

आता खरी गोष्ट. माझ्या ओळखीतला एक पाच जणांचा बँड. त्यांतला एक जण गाणी लिहायचा. दिवसा टेस्टिंग, रात्री कविता. अल्बमची तयारी चालू असताना एका रिहर्सलला काहीतरी फालतू कारणावरून वाजलं आणि तो बँड सोडून गेला. पुढे नोकरीसाठी डब्लिनला. बाकीच्यांनी त्याची तीन गाणी रेकॉर्ड केली आणि अल्बम रिलीज केला. अपलोड करताना फॉर्म सिंगरनं भरला आणि गीतकाराच्या रकान्यात स्वतःचंच नाव टाकलं. 'तो नाहीच आता, तर कशाला?' असा साधा हिशेब.

दीड वर्षानं एका वेब सिरीजवाल्यांना त्यातलंच एक गाणं आवडलं. रक्कम सांगत नाही, पण सगळ्यांचा स्टुडिओचा खर्च निघून वर गोव्याची ट्रिप झाली असती. त्यांनी फक्त एकच गोष्ट मागितली: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंगचे हक्क तुमच्याकडे असल्याचे कागद. चार दिवसांत.

मग मला फोन. दुसरा, भांडणानंतरचा.

मी सांगितलं ते त्यांना आवडलं नाही. बँड सोडला म्हणजे कॉपीराइट सोडला, असं होत नाही. शब्द त्याचे होते, त्याचेच राहिले. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी लागतं, सहीसकट. तोंडी 'घे रे, वापर' याला हक्क देणं म्हणत नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्यांच्याकडे तर करारच नव्हता.

शेवटी सगळ्यांनी मिळून त्याला कॉल लावला. दीड वर्षात पहिल्यांदा. कुणालाच सुरुवात कशी करायची कळेना. मीच विषय काढला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "ताई, मला पैसे नकोत. नाव हवंय. आईला लिंक पाठवली होती मी. ती म्हणाली, छान आहे रे, पण यात तुझं नाव कुठंय?"

सिंगर रडायचीच बाकी होती.

मग मी त्याला समजावलं की बाबा, नाव हा तर तुझा हक्कच आहे. कॉपीराइट विकला तरी लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा अधिकार जात नाही. आणि पैसे नको म्हणायची सोय कायद्यानं फारशी ठेवलेलीच नाही. २०१२ पासून गीतकार आणि संगीतकार यांना त्यांच्या गाण्याच्या वापरातून रॉयल्टीचा समान वाटा आहे आणि तो वाटा त्यांना कुणा कंपनीला किंवा बँडला देऊन टाकता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बस्स. ही तरतूद आणण्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत किती भांडले होते, ते आठवत असेल. सह्या घेऊन घेऊन पिढ्यान् पिढ्या कवींना नागवलं गेलं, म्हणून कायद्यानंच सांगितलं की असली सही चालणार नाही.

क्रेडिट दुरुस्त झालं. करारावर सह्या झाल्या. पण तोवर नववा दिवस उजाडला होता आणि सिरीजवाल्यांनी दुसरं गाणं घेतलं होतं. पैसे गेले. त्यांतल्या ड्रमरनं मला नंतर सांगितलं की खरं नुकसान ते नव्हतंच. एक रकाना नीट भरला असता, तर दीड वर्ष मित्राशी बोलणं बंद राहिलं नसतं. मला विचाराल तर कागद मैत्री तोडत नाही. कोण किती केलं हे सगळे एकमेकांवर खूश असतानाच लिहून ठेवलं, तर नंतर आठवणींवरून भांडावं लागत नाही.

ऑफिसचा लॅपटॉप आणि डिझायनर मित्र

दोन छोट्या पण महागड्या गोष्टी.

एक, तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढा. हो, तेच, जे न वाचता सही केलं होतं. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक कंपनी असते. तुमचं गाणं त्यात सहसा येत नाही, पण काही कंपन्यांचे क्लॉज इतके ऐसपैस असतात की नोकरीच्या काळात तुम्ही 'तयार केलेलं सगळं' त्यात बसवता येईल. कंपनीच्या लॅपटॉपवर मिक्सिंग करू नका आणि शंका असेल तर एचआरकडून मेलवर लिहून घ्या.

दोन, अल्बमचं कव्हर. पैसे देऊन फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसेल तोवर त्या फोटोचे पहिले मालक तुम्ही. पण फ्रीलान्स डिझायनरनं केलेलं डिझाइन पैसे दिले म्हणून आपोआप तुमचं होत नाही. तिथे लेखी हस्तांतरण हवंच. उद्या टी-शर्ट छापायचे असतील तर हे आधी करा.

रिलीजच्या आधीची यादी

फ्रिजवर चिकटवा, ग्रुपवर पिन करा, काहीही करा.

• प्रत्येक गाण्यासाठी एक पान: शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचा किती टक्के वाटा. सगळ्यांच्या सह्या, तारीख.

• रेकॉर्डिंगचा मालक कोण, हे वेगळं लिहा. सगळे मिळून मालक असाल, तर गाणं कुणाला वापरायला द्यायचं असेल तेव्हा निर्णय कसा घ्यायचा तेही लिहा.

• गाणारे, वाजवणारे, सगळ्यांची लेखी संमती आणि मानधनाची नोंद.

• डेमो, तारखेच्या फाइल, मेल जपून ठेवा. कॉपीराइट गाणं तयार झालं की आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण भांडणात नोंदणीचा दाखला कामाला येतो. नोंदणीची फी शब्दांसाठी किंवा चालीसाठी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये.

• सीडी किंवा रेकॉर्ड काढत असाल, तर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, कॉपीराइट मालकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापणं कायद्यानं बंधनकारक आहे.

• प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड घ्या. गाणं कुठे वाजलं याचा हिशेब त्यावर चालतो.

• गीतकार आणि संगीतकार असाल तर आयपीआरएसचं सदस्यत्व बघा. तुमच्या शब्दांची आणि चालीची रॉयल्टी तिथून येते.

• अपलोडचा फॉर्म एकट्यानं भरू नका. सगळे बसा, प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचा. खास करून गीतकाराचा.

एवढं सगळं एका शनिवार दुपारी होतं. गाद्या भिंतीला लावायच्या आधी.